परसातला बंब आणि कोंडलेली आग

ज्यांच्या लहानपणी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता त्यांना या लेखातले यंत्र समजायला अडचण पडणार नाही. बंबाची रचना आठवा. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीभोवती पाणी. नळीत ढलप्या, करवंट्या, गोवरीचे तुकडे टाकायचे. हवा खालून जाळीतून शिरते, तापलेले वायू नळीतून वर जातात आणि जाताजाता भोवतालच्या पाण्याला उष्णता देतात. बाजूला एक तोटी. हाच बंब माणसापेक्षा उंच करा, लोखंडाचा करा, त्याभोवती पत्र्याची खोली उभारा, तोटीच्या जागी दोन नळ जोडून ते जमिनीखालून घरापर्यंत न्या आणि गरम पाणी अंघोळीपुरते न वापरता अख्खे घर उबदार ठेवण्यासाठी सतत फिरवत ठेवा. झाला अमेरिकेतील 'आउटडोअर वुड बॉयलर', म्हणजे घराबाहेरचा, लाकडावर चालणारा बॉयलर.

अमेरिकेच्या उत्तर भागातील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यूयॉर्क, व्हरमाँट, मेन अशा कडक हिवाळ्याच्या राज्यांत आणि कॅनडात १९८०च्या दशकापासून असे बॉयलर बसवले जाऊ लागले. आपल्याकडे घर तापवण्याची गरज फारच थोड्या ठिकाणी पडते. मग या यंत्राची समीक्षा मराठी शिक्षकांसाठी कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की शालेय पुस्तकातला 'उष्णता' हा धडा जवळजवळ पूर्णपणे या एका यंत्रात सापडतो. विशिष्ट उष्णता, वहन, अभिसरण, अप्रकट उष्णता, ज्वलन, सगळे काही. शिवाय, धड्यातले एकेक सूत्र पाळूनही एखादे यंत्र एकंदरीत चुकीचे कसे बनू शकते, हेही त्यात दिसते.

आमचे एक स्नेही मूळचे सांगलीचे. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात ते बरीच वर्षे राहतात. एका जानेवारीत त्यांच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. घरापासून चाळीस-पन्नास पावलांवर हिरव्या पत्र्याची खोली, वर आखूड धुराडे. "आमच्या परसातला बंबच आहे हो हा, फक्त मोठा," असे म्हणत त्यांनी दार उघडले आणि दोन हातांत मावणार नाही असा ओंडका आत सारला. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा एवढेच काम. बाहेर उणे वीस अंश, घरात वहिनी साध्या सुती साडीत वावरत होत्या.

या यंत्राचे गुण आधी मान्य केले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. घरात आग नाही, राख नाही, लाकडाचा कचरा नाही. धुराडे पेटून घर जळण्याची भीती नाही. लाकडी घरांच्या देशात ही फार मोठी सोय आहे. पाण्याचे आवरण हवेला उघडे असते, म्हणजे त्यात दाब साठत नाही. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. बंद भांड्यात हे घडले तर भांडे फुटते, उघड्या भांड्यात वाफ निघून जाते. खरे तर 'बॉयलर' हे नावच येथे चुकीचे आहे, कारण यातले पाणी उकळू द्यायचे नसते. ते साधारण ८० ते ८५ अंश से. यांच्या दरम्यान ठेवतात. पाणी ८० अंशांच्या खाली गेले की तापमापकाला जोडलेले झाकण उघडते, काही यंत्रांत पंखाही सुरू होतो, आग भडकते. ८५ अंश झाले की झाकण बंद. घरात आल्यावर हे पाणी मोटारगाडीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून जाते, पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि उबदार हवा खोल्यांत पसरते. किंवा पाण्याचे नळ जमिनीच्या लादीखालून फिरवलेले असतात. जुनी गॅसची किंवा तेलाची भट्टी काढून टाकावी लागत नाही, ती राखीव म्हणून राहते.

बसवण्याचे काम वरवर सोपे दिसते. काँक्रीटचा ओटा, त्यावर यंत्र, घरापर्यंत चर, चरात उष्णतारोधक आवरणातले दोन नळ, एक जाणारा आणि एक येणारा. पाणी फिरवणारा छोटा पंप. पाण्यात गंज रोखणारे रसायन घालावे लागते, कारण उघड्या पाण्यात प्राणवायू सतत विरघळत असतो आणि लोखंड खात असतो. वीज गेली की पंप थांबतो. मग त्या थंडीत नळ गोठण्याआधी काय करायचे, याची तजवीज आधीच हवी. हे सारे पुस्तिकेत लिहिलेले असते.

चराबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. सकाळी बर्फ पडून गेला होता. स्नेह्यांच्या अंगणात खोलीपासून घरापर्यंत बर्फावर एक ओली, काळपट रेघ उमटली होती. चर कुठून गेला ते नकाशाशिवाय कळत होते. "पाणी थंड होते का वाटेत?" आम्ही विचारले. "छे हो! विकणाऱ्याने दोन्हीकडे तापमापी लावून दाखवली. फार तर एखाद्या अंशाचा फरक."

एखादा अंश म्हणजे किती? येथे फळ्यावर एक उदाहरण सोडवण्यासारखे आहे. नळातून मिनिटाला ३० लिटर पाणी वाहते असे धरा, म्हणजे सेकंदाला अर्धा किलो. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोमागे दर अंशाला ४.१८ किलोज्यूल. जाता-येता मिळून एका अंशाची घट झाली तर सेकंदाला २.१ किलोज्यूल, म्हणजे २.१ किलोवॉट उष्णता चरात गेली. पाणी गरम करायची एक मोठी विजेची कांडी दिवसरात्र जमिनीत पुरून ठेवल्यासारखे झाले. चोवीस तासांत ही उष्णता १८१ मेगाज्यूल भरते. वाळलेल्या लाकडापासून किलोमागे सुमारे १४ मेगाज्यूल मिळतात आणि यंत्राची कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज पंचवीस किलो सरपण केवळ अंगणातला बर्फ वितळवण्यासाठी जळते.

विकणारा खोटे बोलला नव्हता. त्याची तापमापी एक अंशापर्यंतच वाचता येणारी होती, आपल्या शाळेतल्या तापमापीसारखी. अशा साधनाने मोजल्यावर 'फरक जवळजवळ नाही' हे वाक्य शब्दशः खरे असते. लघुतम माप हा विषय प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून आपण विसरून जातो. येथे त्याची किंमत दरवर्षी काही टन लाकूड इतकी आहे. चर ओल्या जमिनीतून गेला आणि आवरणात पाणी शिरले तर घट एका अंशावर थांबतही नाही.

आता लाकडाकडे वळू. अशा यंत्रांच्या जाहिरातींत आणि वापरणाऱ्यांच्या बोलण्यातही 'यात काहीही जळते, ओले लाकूडसुद्धा' असा दावा वारंवार भेटतो. जळते हे खरे. पूर्ण कोरड्या लाकडापासून किलोमागे सुमारे १८.५ मेगाज्यूल मिळतात. लाकडात वजनाच्या २० टक्के पाणी असेल तर एक किलोत लाकूड फक्त ८०० ग्रॅम, आणि त्यातूनही २०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्याचा खर्च वजा जातो. उरतात १४.३. नुकत्याच तोडलेल्या लाकडात पाणी निम्मे असू शकते. तेव्हा उरतात अवघे ८. म्हणजे तेवढ्याच उबेसाठी पावणेदोन पट वजन तोडायचे, फोडायचे, उचलायचे. (जाताजाता एक सूचना: काही उपकरणे ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत दाखवतात. त्या मापाने हेच निम्मे पाणी '१०० टक्के' होते. मुले गोंधळतात, मोठेही गोंधळतात.) ओकसारखे कठीण लाकूड फोडून, रचून, वरून झाकून एक-दोन वर्षे वाळवावे लागते. आमच्या स्नेह्यांना एका हिवाळ्यात दहा 'कॉर्ड' लाकूड लागत असे. रचलेल्या सरपणाचा १२८ घनफुटांचा ढीग म्हणजे एक कॉर्ड. दोन वर्षांचा साठा म्हणजे वीस ढीग. एवढी जागा आणि एवढा धीर सगळ्यांकडे नसतो, म्हणून ओले लाकूड आत जाते.

हे दोन्ही दोष सुधारता येण्याजोगे आहेत. चांगले नळ घ्या, लाकूड वाळवा, झाले. मुख्य दोष वेगळा आहे आणि तो आमच्या लक्षात आला एका तक्रारीमुळे.

शेजारी साठ-सत्तर पावलांवर एक वृद्ध बाई एकट्या राहत. स्नेह्यांचे आणि त्यांचे चांगले होते. एकदा त्या म्हणाल्या, जानेवारीत तुमच्या धुराचे मला फारसे काही वाटत नाही, पण ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये नका पेटवत जाऊ, रात्री खोकून जीव जातो. स्नेही चक्रावले. "अहो, ऑक्टोबरात मी जानेवारीच्या पाव हिश्शाने लाकूड जाळतो. कमी लाकडाला जास्त धूर कसा होईल? म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी." सौम्य हवेत लोकांच्या खिडक्या उघड्या असतात, हे एक कारण उघड आहे. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. बाईंचे निरीक्षण बरोबर होते, आणि ते समजायला धूर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल.

वर्गात मेणबत्ती पेटवा आणि फुंकर घालून विझवा. वातीवरून पांढरा धूर निघेल. जळती काडी वातीला न लावता वातीच्या इंचभर वर त्या धुरात धरा. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर हा प्रयोग करीत असत. पांढरा धूर म्हणजे न जळलेले मेण. लाकडाचेही तसेच आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग तापल्यावर वायू आणि वाफांच्या रूपाने बाहेर पडतो. उरतो तो कोळसा. ज्वाळा दिसतात त्या या वायूंच्या. ते नीट जळायचे तर तीन गोष्टी एकाच वेळी हव्यात: सहाशे अंशांच्या वर तापमान, पुरेसा प्राणवायू, आणि दोन्ही मिसळायला थोडा अवधी. यांपैकी एक जरी कमी पडली तरी वायू न जळता निघून जातात, थंड होतात आणि त्यांचे चिकट सूक्ष्म थेंब बनतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे आपण विकत घेतलेले किंवा तोडून आणलेले इंधनच.

दुसरा प्रयोग याहून सोपा. स्टीलच्या वाटीत थंड पाणी घ्या आणि वाटीचा तळ मेणबत्तीच्या ज्योतीत धरा. तळावर काजळी धरेल. ज्योत थंड भिंतीला भिडली की तिचे ज्वलन अर्धवट राहते. आता त्या बॉयलरची भट्टी डोळ्यांपुढे आणा. तिच्या भिंतींच्या पलीकडे ८० अंशांचे पाणी. आपल्याला ते गरम वाटते, पण ज्योतीच्या दृष्टीने ही भिंत बर्फासारखी थंडच आहे. भट्टीच्या आतून डांबरासारखा थर जमतो तो यामुळे. घरातून परतणारे पाणी फारच थंड असेल तर लाकडातल्या पाण्याची वाफही भिंतीवर धरते आणि पत्रा आतून गंजतो. बंबाची नळीही अशीच काळी होत असे, हे खरे. पण बंबाची एक गोष्ट वेगळी होती. बंबात आग कोंडत नसत. पाणी तापले की पुढची ढलपी टाकायची नाही, एवढेच नियंत्रण. असलेली आग मोकळ्या हवेत जळून संपे. घराबाहेरच्या बॉयलरमध्ये मात्र बारा तासांचे लाकूड एकदमच भरलेले असते. तेव्हा नियंत्रण इंधनाचे करता येत नाही, हवेचेच करावे लागते. पाणी तापले की झाकण लावायचे आणि धगधगलेल्या पन्नास-साठ किलो लाकडाला सांगायचे, थांब.

लाकूड थांबत नाही. ते तापलेले असते, त्यातून वायू निघतच राहतात, फक्त जाळायला प्राणवायू नसतो.

हे किती वेळ चालते त्याचा हिशेब करू. यंत्राच्या आवरणात ८०० लिटर पाणी आहे आणि ते ८० ते ८५ या पाच अंशांत वरखाली होते. म्हणजे साठवण ८०० × ४.१८ × ५, सुमारे १६,७०० किलोज्यूल. भट्टी मोकळी जळते तेव्हा ५० किलोवॉट देते असे समजा. ऑक्टोबरातल्या सौम्य दिवशी घराला हवे असतात पाच किलोवॉट. आग पेटली की उरलेल्या ४५ किलोवॉटने पाणी पाच अंश चढायला लागतात सहा मिनिटे. मग झाकण बंद. पुन्हा पाच अंश उतरायला लागतात पंचावन्न मिनिटे. तासातली सहा मिनिटे आग, बाकी वेळ धुमसणे. सहा मिनिटांत भट्टी नीट तापतसुद्धा नाही, तोच ती पुन्हा कोंडली जाते. जानेवारीत घराला तीस किलोवॉट लागत असतील तर हेच गणित चौदा मिनिटे आग आणि नऊ मिनिटे धुमसणे असे होते. भट्टी तापलेली राहते, ज्वलन बरे होते. शेजारच्या बाईंच्या नाकाने हे गणित आमच्याआधी सोडवले होते.

त्यात विक्रीची एक सवय भर घालते. 'थोडा मोठाच घ्या, लाकूड कमी वेळा भरावे लागेल', असे सांगून गरजेपेक्षा मोठे यंत्र दिले जाते. यंत्र जितके मोठे तितका तो जास्त वेळ कोंडलेला. उन्हाळ्यात केवळ अंघोळीच्या पाण्यासाठी ते चालू ठेवणारेही आहेत. तेव्हा तर दिवसभर धुमसणेच. आणि हा धूर थंड असतो, धुराडे आखूड असते, म्हणून तो वर चढत नाही. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड होते. तिच्यात सापडलेला धूर चादरीसारखा पसरून राहतो. आपल्याकडे थंडीतल्या पहाटे गावावर शेकोट्यांचा धूर तरंगताना दिसतो, तोच प्रकार.

सरकारी नियमांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ई.पी.ए.ने, १९८८ मध्ये घरातल्या लाकडी शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या. घराबाहेरचे बॉयलर त्यातून सुटले. पळवाट रुंद होती. व्हरमाँट राज्याने १९९७ मध्ये शेजारच्या घरापासून २०० फुटांचे अंतर आणि धुराड्याची उंची यांविषयी नियम केले. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयाने २००५ मध्ये या बॉयलरांवर स्वतंत्र अहवाल काढला. ईशान्येकडील राज्यांच्या हवा-गुणवत्ता संघटनेचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यातला अंदाज असा की अशा एका बॉयलरमधून निघणारे सूक्ष्म कण हे ई.पी.ए.ने प्रमाणित केलेल्या २२ शेगड्यांइतके, तेलावरच्या २०५ भट्ट्यांइतके, किंवा नैसर्गिक वायूवरच्या ८,००० भट्ट्यांइतके भरतात. हे कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या भागाएवढे, फुप्फुसात खोल जाणारे. २००७ मध्ये ई.पी.ए.ने उत्पादकांसाठी ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. बंधनकारक नियम व्हायला २०१५ उजाडले, आणि त्यांचा कडक टप्पा मे २०२० मध्ये लागू झाला. त्यानुसार नव्या यंत्राने घराला दिलेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे, ठरावीक मापाच्या पट्ट्या जाळून चाचणी केल्यास सुमारे ४३ मिलिग्रॅम, आणि साधे सरपण जाळून केल्यास सुमारे ६५ मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त कण सोडता कामा नयेत. आधीच बसवलेल्या यंत्रांना मात्र या नियमाने हात लावला नाही. ती अंगणात तशीच आहेत.

नव्या यंत्रांची रचना बरीच बदलली. त्यांत लाकडातून निघणारे वायू झरोक्यातून खालच्या, आगविटांच्या कोठीत ओढतात आणि तेथे जास्तीची तापलेली हवा देऊन जाळतात. थंड भिंत ज्योतीपासून दूर नेलेली असते. ही सुधारणा खरी आहे, पण आमच्या मते अर्धी. कारण भट्टी कोंडावी लागण्याचे मूळ कारण तसेच राहते, ते म्हणजे उष्णता साठवायला जागा नसणे. हा बॉयलर उष्णता साठवतो ती न जळलेल्या लाकडाच्या रूपात. ती पाण्यात साठवली पाहिजे.

हा शोध काही नवा नाही. मेन विद्यापीठातील यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड हिल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस, तेलटंचाईच्या काळात, नेमकी अशी भट्टी बनवली होती. लाकूड पूर्ण हवेत, पूर्ण वेगाने जाळायचे, मिळालेली सगळी उष्णता पाण्याच्या मोठ्या टाकीत भरायची आणि आग विझू द्यायची. घर मग टाकीतून हवे तेवढे घेत राहते. स्वीडनसारख्या देशांत लाकडाच्या बॉयलरशेजारी अशी टाकी असणे ही रूढ गोष्ट आहे. आकडे पाहा. ३,००० लिटरची टाकी, ८५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत वापरायची. साठवण सुमारे ५०० मेगाज्यूल. ऑक्टोबरातल्या पाच किलोवॉटच्या घराला ती अठ्ठावीस तास पुरते. ८० टक्के कार्यक्षमतेने त्यासाठी ४४ किलो वाळलेले लाकूड लागते. दिवसातून एकदा तीन-चार तास स्वच्छ आग, मग काहीच नाही. रशिया आणि फिनलंडमधील जुन्या विटांच्या भट्ट्या हेच करीत, फक्त पाण्याच्या जागी विटा. आपला बंबही मूळ तत्त्वाने याच घरातला. आग छोटी आणि मोकळी, साठवण पाण्याची.

मग हे सगळीकडे का नाही? तीन हजार लिटरची टाकी म्हणजे तीन टन वजन. तळघरात जागा हवी आणि बराच जादा खर्च हवा. ४५ अंशांच्या पाण्याने घर तापवायचे तर रेडिएटर मोठे हवेत किंवा लादीखालचे नळ हवेत. शिवाय आग रोज नव्याने पेटवावी लागते, आणि 'सकाळ-संध्याकाळ लाकूड भरा' या सोयीची गोडी जाते. या अडचणी खऱ्या आहेत. पण किंमत मोजायची ती कोणी, हा प्रश्न उरतोच. टाकी न घेणाऱ्याचे पैसे वाचतात आणि त्याचा हप्ता शेजारच्या घरात भरला जातो.

चाचण्यांविषयी आमचे मत आणखी कठोर आहे. प्रयोगशाळेत लाकूड ठरावीक मापाचे, ठरावीक ओलाव्याचे असते, भरणारा तंत्रज्ञ असतो, नळात चर नसतो, घर नसते. घरी ओला ओंडका असतो आणि ऑक्टोबर असतो. वर सांगितलेल्या संघटनेनेच २०२१ मध्ये घरगुती लाकूड-शेगड्यांच्या प्रमाणीकरणातील मूलभूत त्रुटी दाखवून दिल्या. २०२३ मध्ये खुद्द ई.पी.ए.च्या महानिरीक्षक कार्यालयाने म्हटले की शेगड्या ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी त्यांची योग्य चाचणी व प्रमाणीकरण झाल्याची वाजवी खात्री ही व्यवस्था देत नाही. यंत्रावर चिकटवलेला आकडा खोटा असेल असे नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

हा अनुभव आपल्याला परका नाही. १९८०च्या दशकापासून २००२पर्यंत आपल्याकडे राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालला. चुलींच्या कार्यक्षमतेचे आकडे प्रयोगशाळेत मोजलेले होते. घरात भांडे वेगळे, सरपण वेगळे, आणि बाईला एका हाताने भाकरी थापायची असे. किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मापके लावून त्यांच्या श्वासावाटे किती कण जातात ते मोजले. १९८३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. धुराड्याच्या तोंडाशी मोजायचे की नाकाशी, हा फरक त्यांनी दाखवला. घराबाहेरच्या बॉयलरने धूर घराबाहेर काढला असे त्याचा मालक म्हणतो ते धुराड्यापाशी उभे राहून.

ज्या शाळेच्या आसपास एखादा बंब अजून वापरात आहे, तेथे एक मोजणी सहज करता येईल. सरपण आधी तोला. तीस लिटर पाणी वीस अंशांपासून साठ अंशांपर्यंत तापले तर पाण्याला मिळाले सुमारे ५ मेगाज्यूल. दीड किलो वाळलेले सरपण लागले असेल तर त्यातले २१.५ मेगाज्यूल खर्च झाले, म्हणजे कार्यक्षमता सुमारे २३ टक्के. मग दुसऱ्या दिवशी तेवढेच सरपण बारीक फोडून, थोडेथोडे टाकून पाहा. तिसऱ्या दिवशी जाळीखालचे तोंड अर्धे झाकून पाहा, आणि वरून निघणाऱ्या धुराचा रंग वहीत लिहून ठेवा. तिसरा प्रयोग मोकळ्या जागेत आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावा. कोंडलेल्या आगीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हा सहा मिनिटांचा आणि पंचावन्न मिनिटांचा हिशेब कागदावर करून दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला, कारण ते स्वतः अभियंते आहेत. आता ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जुनी प्रोपेन गॅसची भट्टीच चालवतात आणि मार्चअखेर बॉयलर विझवतात. टाकीसाठी त्यांनी तळघर मोजले. जिन्याच्या वळणावरून टाकी आत जात नाही, तेथेच तुकडे जोडून बनवावी लागेल असे कारागीर म्हणतो. चर उकरून नळ बदलायचे काम पुढच्या उन्हाळ्यात निघेल. शेजारच्या बाईंनी त्यांना सफरचंदाचा मुरंबा पाठवला, असे वहिनींनी फोनवर सांगितले.